होतं असं गं, पण सगळंच नाही: गरोदरपण आणि बाळंतपणात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. दोन बाळंतपणं झालीत, पहिलं नॉर्मल, दुसरं सिझर. मामेबहिणी, नणंदा, ऑफिसातल्या पोरी असा मोठा गोतावळा आहे, त्यातली कुणी ना कुणी कायम दिवस गेलेली असते आणि रात्री अकराला मेसेज येतो की ताई हे असं होतंय, नॉर्मल आहे का. तेच तेच किती वेळा टाईप करणार म्हणून एकदाच लिहून ठेवलं. बहिणींसाठी लिहिलंय म्हणून एकेरीत आहे, मोठ्यांनी राग मानू नये. औषधगोळ्यांचं मात्र आपापल्या डॉक्टरलाच विचारा.

सकाळीच काय, दिवसभर मळमळतंय. कधी थांबणार हे?

याला मॉर्निंग सिकनेस नाव ज्याने ठेवलं त्याच्या नाकात संध्याकाळची फोडणी कधी गेली नसणार. साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होतं, नवव्याच्या आसपास कळस गाठतं आणि बऱ्याच जणींचं १४ ते १६ आठवड्यांपर्यंत ओसरतं, काहींचं विसाव्यापर्यंत रेंगाळतं. रिकामं पोट हा यातला खरा शत्रू. उशाशी डब्यात चुरमुरे, खारी, राजगिऱ्याचा लाडू असलं काहीतरी कोरडं ठेव आणि उठून बसायच्या आधी दोन घास खा, मग दहा मिनिटांनी ऊठ. एकदम ताट भरून जेवू नको, दर दोन तासांनी थोडं थोडं. गरम जेवणाचा वास जास्त येतो म्हणून मी तर दीड महिना थंड दहीभात आणि काकडी यावरच होते. आल्याचा तुकडा चघळून काहींना बरं वाटतं. एवढं करूनही भागत नसेल तर डॉक्टर डॉक्सिलामिन आणि बी-सिक्सची गोळी देतात, ती गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरात आहे, उगाच घाबरून सहन करत बसू नको.

आता "होतं असं" कुठे संपतं ते ऐक. पाण्याचा घोटही पोटात ठरत नाहीये, लघवी चहासारखी गडद होतेय किंवा दिवसभरात जेमतेम एकदा होतेय, उभं राहिलं की अंधारी येतेय, वजन उतरतंय, यातलं काहीही असेल तर दवाखान्यात जायचं आणि सलाईन लावून घ्यायचं. त्यात लाज कसली. आणि उलट्या जास्त म्हणजे मुलगी, कमी म्हणजे मुलगा असं कुणी सांगायला लागलं तर हो म्हणायचं आणि विषय बदलायचा, उलट्या मोजून काही कळत नसतं.

लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते, पोट दगड होतं. बंद केल्या तर चालतील का?

नाही चालणार. काळी शी म्हणजे गोळी पोटात जातेय एवढंच. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस रोज घ्यायची असते. ही दुसरी १८० सगळ्याजणी विसरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्क्यांना रक्त कमी असल्याचं निघालं, म्हणजे दोघींतली एक, तेव्हा "मी चांगली खातेपिते, मला काय गरज" हे मनातून काढ. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की कमीच धरतात.

चुका कुठे होतात तर आपण गोळी चहाबरोबर घेतो. चहा लोह शोषूच देत नाही, आधीनंतर तासभर तरी चहा नको. कॅल्शियमची गोळी पण त्याच वेळी नको, एक दुपारी एक रात्री असं कर. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर अंगाला जास्त लागते. पोट दगड होतं त्यासाठी पाणी, पेरू, भिजवलेले मनुके, रात्री इसबगोल. तरी जमत नसेल तर गोळी बदलून मिळते, किंवा रक्त फारच कमी असेल तर शिरेतून लोह देतात.

आणि एक, कुणी कबूल करत नाही म्हणून मीच विचारते. पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजकी माती, भिंतीचा पोपडा असलं काही खावंसं वाटतंय का? डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नको, बऱ्याचदा ती लोह कमी असल्याची खूण असते. माझ्या एका मावसबहिणीने पेन्सिलींचा अख्खा बॉक्स फस्त केला होता आणि मुलाच्या शाळेसाठी आणल्यात असं सांगत होती, मूल अजून पोटात!

छातीत जळजळ होते, आई म्हणते बाळाला केस खूप आहेत.

असतील. पण जळजळ होते ती जठराच्या तोंडाची झडप सैल पडल्यामुळे आणि वर गर्भाशय दाबत असल्यामुळे. रात्रीचं जेवण लवकर, जेवल्या जेवल्या आडवं नाही, उशी एक जास्त, तिखट तळलेलं कमी. थंड दूध काहींना चालतं. ॲसिडिटीच्या गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या असतात, मेडिकलवाल्याला न विचारता डॉक्टरला विचार.

पाय सुजलेत, चपला होत नाहीत. काळजी करू का?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून लांबण लावणार आहे. संध्याकाळी पायावर सूज येणं आणि पाय वर करून झोपलं की सकाळी उतरणं हे शेवटच्या तीन महिन्यांत खूप जणींना होतं, त्यात काही नाही. दुसऱ्या वेळी मला ३४ व्या आठवड्यात अंगठी निघेना, मग बांगड्या, मग सकाळी उठले की डोळ्यांवर सूज. घरी येणारी प्रत्येक बाई म्हणाली होतं असं, मला पण व्हायचं. डोकं दुखत होतं ते मी उन्हावर ढकललं. तपासणीची तारीख चार दिवसांवर होती, मी म्हटलं तेव्हाच दाखवू. शेवटी शेजारच्या काकूंनी, ज्यांच्याकडे बीपीचं मशीन होतं, जबरदस्तीने बीपी बघितलं तर १५० वर १००. त्याच रात्री ॲडमिट झाले आणि पुढे त्यातूनच सिझर करावं लागलं.

तर लक्षात ठेव. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४० वर ९० किंवा त्यापुढे गेलं की त्याच दिवशी डॉक्टर. बीपीचं मशीन नसेल तर या खुणा: चेहरा आणि हात अचानक सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणं किंवा धूसर दिसणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं. यातलं काही असलं की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही हे होऊ शकतं हे मला स्वतःला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणजे बाळ झालं की धोका संपला असं समजू नको.

गावाकडे असशील तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे. बाकी काही नाही तरी बीपी, लघवी आणि रक्त तेवढं तपासून घे.

रात्री पोटऱ्यात गोळा येतो, जीव जातो अक्षरशः.

गुडघा सरळ कर आणि पायाची बोटं स्वतःकडे ओढ, टोकाकडे ताणू नको, त्याने गोळा वाढतो. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या की कमी येतात. पण एकच पाय सुजलाय, लाल गरम झालाय आणि दुखतोय, तर तो गोळा नाही, रक्ताची गुठळी असू शकते. चोळू नको, दाखव.

कंबर आणि ओटीपोट दुखतं. डाव्याच कुशीवर झोपायचं का?

२८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपायचं, डावी असो की उजवी. मध्यरात्री जाग आली आणि उताणी सापडलीस तर घाबरायचं नाही, वळायचं आणि परत झोपायचं, बस. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, आणि जुनी गोधडी गुंडाळून पोटाखाली. शेकडो रुपयांची ती सापासारखी उशी मी घेतली होती, तिच्यावर आता आमचं मांजर झोपतं.

पुढचं हाड, जिथे पाय सुरू होतात तिथे, चालताना कळ मारत असेल तर सलवार उभ्याने घालू नको, बसून घाल. अंथरुणातून उठताना दोन्ही पाय जुळवून एकत्र खाली सोड. जिना एकेक पायरी. फिजिओथेरपिस्टला दाखवलं तर खूप फरक पडतो, पण आपल्याकडे कुणी सुचवतच नाही.

अंगाला खाज सुटलीय.

पोटाची कातडी ताणली की खाजतंच, खोबरेल लाव. पण तळहात आणि तळपाय खाजत असतील, रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ काहीच नसेल तर रक्ताची तपासणी हवी, लिव्हरचा एक त्रास असतो त्यात बाळावर लक्ष ठेवावं लागतं. खोबरेलावर थांबू नको.

कळा खऱ्या की खोट्या कसं ओळखायचं?

खोट्या कळा जागा बदलली, पाणी प्यायलं, जरा चाललं की विरतात आणि त्यांना ताल नसतो. खऱ्या वाढत जातात आणि जवळ जवळ येतात. पाणी गेलं, रक्त गेलं किंवा ३७ आठवडे व्हायच्या आधीच कळा तालात आल्या तर वाट बघायची नाही. आणि शेवटी शेवटी बाळ जागा नसल्यामुळे कमी हलतं, हे सगळे सांगतात ते चूक आहे. हलण्याची तऱ्हा बदलते, पण हलणं कमी होत नाही. कमी वाटलं तर त्याच दिवशी जा, दहा वेळा गेलीस तरी चालेल. गाडीची सोय नसेल तर १०२ किंवा १०८, दोन्ही फुकट.

सगळे आनंदात आहेत, मलाच काही वाटत नाही. मी वाईट आई होणार का?

नाही गं. डोहाळजेवणात हिरवी साडी, फुलांचे दागिने, धनुष्यबाण घेऊन फोटो, आणि मनात नुसती धडधड, असं मी दोन्ही वेळा अनुभवलंय. भीती, चिडचिड, नको वाटणं हे येतं जातं. पण दोन आठवड्यांच्या वर रोजच उदास वाटत असेल, खाण्यात झोपण्यात लक्ष नसेल, तर तो आजार असू शकतो आणि गरोदरपणातही त्यावर उपचार होतात. आधीपासून मनाच्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहिले म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नको, विचारून ठरव.

बाळंत झाल्यावर अंगावरून किती दिवस जातं?

चार ते सहा आठवडे. आधी लाल, मग गुलाबी-तपकिरी, मग पिवळट पांढरं. एका तासात अख्खं पॅड भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास आला किंवा ताप आला तर दवाखाना. दूध पाजताना पोटात कळा येतात ते गर्भाशय आकसतंय म्हणून, आणि दुसऱ्या तिसऱ्या वेळी त्या जास्त जोरात येतात. मला कुणी सांगितलं नव्हतं, मला वाटलं आत काही राहिलं की काय.

टाक्यांमुळे संडासला बसायची भीती वाटते.

सगळ्यांना वाटते आणि कुणी बोलत नाही. टाके उसवत नाहीत गं जोर केल्याने, पण शी कडक झाली तर मूळव्याध मात्र उठते. पाणी पी, लागलं तर डॉक्टरकडून पातळ करणारं औषध घे, टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोनतीनदा बस. बसताना टाक्यांवर स्वच्छ पॅड हाताने धरून ठेवलं की धीर येतो.

दूध येत नाहीये. दुसऱ्या दिवशीच पावडर द्यायला सांगतायत.

पहिले दोनतीन दिवस येतो तो चीक, पिवळा, घट्ट आणि थेंबभर. बाळाचं पोट तेवढंच असतं, त्याला तो पुरतो. खरं दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं, सिझर झालेलं असेल तर जरा उशिरा. दूध वाढतं ते बाळ ओढतं म्हणून, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, रात्रीही. पुरतंय का हे स्तन दाबून कळत नाही, लघवीवरून कळतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होतेय आणि वजन वाढतंय, मग पुरतंय. बघायला येणारी प्रत्येक बाई दारातूनच विचारते "दूध येतंय ना पुरेसं?", तिला चहा द्या आणि वाटेला लावा. मात्र शू कमी आहे, बाळ मलूल पडलंय किंवा पिवळं दिसतंय तर हट्ट न धरता डॉक्टरकडे, वरचं दूध द्यावं लागलं म्हणून कुणी आई म्हणून नापास होत नाही.

स्तनाग्रं फाटून रक्त येत असेल तर बहुतेक बाळ नुसतं टोक चोखतंय. तोंड मोठं उघडू दे आणि भोवतीचा काळा भागही बराचसा आत जाऊ दे. पाजून झालं की स्वतःचंच दूध लावून वाळू दे. दूध दाटून छाती दगड झाली तर पाजत राहा, मधल्या वेळात थंड पट्ट्या ठेव. एक भाग लाल गरम, सोबत थंडीताप, तर औषध लागेल, पण पाजणं थांबवायचं नाही. सहा महिने घुट्टी नाही, पाणी नाही, आणि मध तर वर्षभर चाटवायचाच नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

आजी म्हणते पाणी कमी पी, शेगडीवर शेक घे, कान बांधून बस. काय ऐकू, काय नको?

आजीशी भांडू नको, अर्धं बरोबर आहे तिचं. मालिश छान, फक्त सिझरच्या टाक्यांवर नको. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, लसूण घातलेलं वरण, सगळं खा, पण लाडू दिवसाला चार नकोत, तुपाचं गणित आजीच्या काळातल्या कामाचं आहे आणि आपण चालतो स्वयंपाकघरापर्यंत. कान बांधल्याने फायदा तोटा काही नाही, आजीला समाधान मिळतं तर बांध. सव्वा महिना घरात विश्रांती ही तर सोन्यासारखी रीत आहे, फक्त विश्रांती म्हणजे नुसतं पडून राहणं नव्हे, रोज थोडं चालायचं. सिझरनंतर तर दवाखान्यातच दुसऱ्या दिवसापर्यंत चालवतात, पायात गुठळी होऊ नये म्हणून.

पण दोन गोष्टी ठामपणे नाही म्हण. पाणी तोडायचं नाही, पाण्याने टाके पिकत नाहीत आणि पोटही सुटत नाही, उलट बद्धकोष्ठ आणि लघवीची जळजळ मागे लागते. आणि दारंखिडक्या लावून कोळशाची शेगडी किंवा धुरी अजिबात नाही, त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, आई बाळ दोघं झोपेतच जाऊ शकतात. शेकच हवा तर गरम पाण्याची पिशवी आहे की.

केस पुंजक्याने गळतायत, मनगट दुखतं.

केस तीनचार महिन्यांनी गळायला लागतात, गरोदरपणात जे गळायचे राहिले तेच हे, वर्षभरात भरून येतात. सोबत फार थकवा, धडधड असेल तर थायरॉईड बघून घे. अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतं ते बाळाला काखेत धरून उचलल्याने, तळव्यांवर खालून उचलत जा.

शिंकलं की लघवी निसटते. आता असंच राहणार का?

नाही. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते दहा सेकंद आवळायचे, सोडायचे, दहादा, दिवसातून तीनदा. पोळ्या लाटताना कर, कुणाला कळतही नाही. तीन महिने नेटाने करून फरक नाही पडला तर दाखव. चाळिशी उलटेपर्यंत पॅड लावून फिरणाऱ्या बायका मी बघितल्यात, कुणी सांगितलंच नाही त्यांना.

तिसऱ्या दिवसापासून नुसतं रडू येतंय. बाळ चांगलं आहे, घरचे चांगले आहेत, मग का?

कारण नसतंच. हॉर्मोन्स एकदम खाली येतात, झोप नाही, अंग दुखतंय, आणि सगळे बाळाकडे बघतात, तुझ्याकडे कुणी नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हे रडू जास्त असतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप निवळतं. पहिल्या बारशाला हॉलमध्ये पाळणा म्हणत होते आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते, बाहेर आले तर आत्या म्हणाली किती वेळ, बाळाला भूक लागलीय.

दोन आठवडे उलटले आणि अजून तेच, किंवा बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, सारखं अपराधी वाटतं, आपण नसतो तर बरं झालं असतं असं मनात येतं, तर ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं. वर्षभरात कधीही सुरू होतं. २०१७ मध्ये भारतातल्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं, पाचातली एक तरी. बाहेरचं झालंय, दृष्ट लागलीय, नाटक करतेय, लाडावलीय असं काही नाही. बोलून उपचार असतात आणि दूध पाजताना चालणाऱ्या गोळ्याही असतात. डॉक्टरकडे जायचं धाडस नसेल तर टेलिमानसला १४४१६ वर फोन लाव, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

बाळ हातातून पडेल, मीच काही करून बसेन असे विचार येतात. कुणाला सांगू शकत नाही.

सांग. असे नको ते विचार खूप आयांना येतात, आणि तुला त्यांची भीती वाटते, किळस वाटते हीच चांगली खूण आहे, डॉक्टर ऐकून दचकत नाहीत. वेगळं हे की कुणाचे आवाज ऐकू येतायत, दोनतीन रात्री झोप नाही तरी अंगात भलताच जोर आलाय, बाळात काहीतरी दैवी किंवा वाईट आहे असं खरंच वाटतंय. हे बाळंतिणीला स्वतःला कळत नाही, घरच्यांनी ओळखायचं. आई बाळाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मांत्रिकाकडे गेलेला दिवस वाया.

नवऱ्याने काय करायचं?

रात्रीचा एक डायपर. आणि तिला सलग चार तास झोप मिळेल अशी सोय, मग कुणी पाहुणे दाराशी असोत. "काही मदत करू का" असं विचारायचं नाही, दिसतंय ते करायचं.

माहेरहून परत जायचंय, मग ऑफिस. आत्ताच पोटात गोळा येतो.

कायद्याने पगारी रजा २६ आठवड्यांची आहे, पहिल्या दोन मुलांसाठी, २०१७ पासून, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. आम्ही सगळ्या शेवटपर्यंत काम करतो आणि रजा बाळासाठी साठवतो. कामावर गेल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी मिळते, बहुतेक एचआर सांगत नाहीत, आपण मागायची. काढलेलं दूध फ्रीजबाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस. जायच्या दोन आठवडे आधीपासून वाटीचमच्याने पाजायची सवय लाव, आणि पाजणारं माणूस दुसरं हवं, तुझ्या हातून ते घेणार नाही.

हे सगळं डॉक्टरला कसं विचारू? दोन मिनिटं देतात आणि बरोबर सासूबाई असतात.

मोबाईलमध्ये लिहून ने आणि फोनच त्यांच्या हातात दे. दीड महिन्याच्या तपासणीला मी तसंच केलं होतं. पहिली ओळ होती "शिंकताना लघवी होते", दुसरी होती "रोज रडते". डॉक्टरीणबाईंनी वाचलं, सासूबाईंना म्हणाल्या तुम्ही जरा बाळाला बाहेर घेऊन बसा, आणि दार लावून घेतलं.